शीण : एक उपेक्षित वाङ्मयविषय

मराठी वाङ्मयांत दुःखाची वाण आहे असें कोणी म्हणणार नाहीं. विरह, दारिद्र्य, वैधव्य, अपमान, पुत्रशोक यांनीं आमचें काव्य, नाटक आणि कादंबरी हीं सारीं भरून गेलीं आहेत. आणि मृत्यूचा तर आमच्या कथालेखकांस इतका सराव आहे कीं, गोष्ट कोठें संपवावी हें न सुचल्यास ते त्यालाच हांक मारतात. परंतु दुःखाच्या या मोठ्या परिवारांत एक धाकटें भावंड असें आहे कीं त्याच्याकडे कोणाचेंच लक्ष गेलेलें नाहीं. तें म्हणजे शीण. दिवसभर शेतांत राबल्यानंतर येणारा आणि भाकरी खाऊन झोपलें कीं उतरणारा शीण आम्हांस येथें अभिप्रेत नाहीं. त्याला जात्यावरच्या ओव्यांत स्थान मिळालेलें आहे आणि तें मानाचें आहे. कांहीं काम न करतां येणारा, झोपेनें न उतरणारा, आणि रोगापेक्षां रोगावरील उपायानेंच अधिक येणारा जो शीण, त्याविषयीं आम्ही बोलत आहों. कर्करोगावर केमोथेरपी घेणारीं हजारों माणसें आज महाराष्ट्रांत तो रोज भोगीत आहेत. त्याला आमच्या वाङ्मयांत जागा कां नाहीं, आणि ती नसल्यामुळें केवळ वाङ्मयाचेंच नुकसान होतें काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचला असें सांगणें खोटें होईल. गेल्या वर्षीं आमच्या पत्नीस स्तनाचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. शस्त्रक्रिया झाली आणि पुढें एकवीस एकवीस दिवसांच्या अंतरानें औषधाच्या आठ पाळ्या ठरल्या. म्हणजे सुमारें साडेपांच महिने. नेवासें हें आमचें गांव अहिल्यानगर व छत्रपती संभाजीनगर या दोन शहरांच्या जवळजवळ मध्यावर आहे. कोणत्याहि बाजूस जावयाचें म्हटलें तरी पन्नास-साठ किलोमीटरांचा प्रवास आणि नेवासे फाट्यावरची चढउतार चुकत नाहीं. पहांटे निघावें, रक्त तपासून घ्यावें, सलाईन लावून दिवसभर बसावें आणि रात्रीं परतावें, असा क्रम सुरू झाला. अध्यापकाला एक खोड असते. घरांत संकट आलें कीं इतर माणसें शेजाऱ्याकडे जातात, तो पुस्तकांच्या कपाटाकडे जातो. औषध घेतल्यापासून पांचव्या दिवशीं माणसाला काय होतें हें कोणीतरी मराठींत लिहून ठेवलें असेल, या आशेनें आम्हीहि गेलों. रोगाची माहिती देणारीं पुस्तकें मिळालीं व तीं उपयोगी पडलीं. परंतु त्यांत दुष्परिणामांची यादी होती. पांचवा दिवस नव्हता. यादी ही वैद्यकाची गरज आहे. दिवस रोग्याचा असतो, आणि दिवस सांगणें हें वाङ्मयाचें काम आहे.

या विषयावरील ज्या कलाकृति सर्वांच्या स्मरणांत आहेत त्यांकडे पाहूं. हृषीकेश मुखर्जी यांचा १९७१ सालचा ‘आनंद’ हा चित्रपट हिंदी असला तरी महाराष्ट्रांतील घराघरांनीं तो आपला मानला. त्याच्या नायकाला आंतड्याचा असाध्य कर्करोग झालेला आहे, आणि तो शेवटपर्यंत हंसतो व हंसवितो. चित्रपटाची गोडी आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कर्करोग झालेल्या माणसानें कसें वागावें याचा एक नमुना तेथून समाजाच्या मनांत जो बसला तो अद्यापि उठलेला नाहीं. आणि त्या नमुन्यांत अन्नाचा वीट नाहीं, चिडचिड नाहीं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणें नाहीं. संदीप सावंत यांचा २००४ सालीं प्रदर्शित झालेला ‘श्वास’ हा मराठी चित्रपट कलादृष्ट्या अधिक संयमी आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळालें तें योग्यच होतें. खेड्यांतला आजोबा डोळ्याचा कर्करोग झालेल्या नातवाला घेऊन शहरांत येतो. शस्त्रक्रियेनें जीव वांचेल परंतु दृष्टि जाईल हें त्याला कळतें. आणि दृष्टि जाण्यापूर्वीं पोरानें जग एकदां पाहून घ्यावें म्हणून तो त्याला रुग्णालयाबाहेर नेतो. येथें कथेचा सारा भार शस्त्रक्रियेच्या आधींच्या घटकांवर तोललेला आहे. इंग्रजींत सिद्धार्थ मुखर्जी यांनीं २०१० सालीं कर्करोगाचें जें विख्यात ‘चरित्र’ लिहिलें, त्यांतहि नायकपण रोगाकडे आणि त्याच्या मागें लागलेल्या संशोधकांकडे जावें हें त्याच्या योजनेस धरूनच आहे. यांपैकीं कोणाचीहि चूक नाहीं. प्रत्येकानें आपला क्षण निवडला. परंतु सर्वांनीं मिळून निवडलेले क्षण चारच आहेत : निदान, शस्त्रक्रिया, मृत्यु किंवा विजय. या चारांच्या मध्यें आमच्या घरांत एकशें अडुसष्ट दिवस होते.

याचा सारा दोष लेखकांस देणें अन्यायाचें होईल, कारण हा मधला काळ मुळीं नवा आहे. पूर्वीं असा रोग माणसाला भराभर नेई, किंवा शस्त्राच्या जोरावर सोडी. औषधांनीं कर्करोगास आवरण्याचा उपाय विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांतला आहे. पहिल्या महायुद्धांत माणसें मारणाऱ्या मस्टर्ड वायूच्या जातीचें एक द्रव्य १९४२ सालीं अमेरिकेंत रोग्यावर प्रथम वापरण्यांत आलें. १९४८ सालीं बोस्टनच्या सिडने फार्बर यांनीं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ॲमिनोप्टेरिन या औषधानें कांहीं काळ तरी मात करतां येते असें दाखविलें. तें औषध ज्या प्रयोगशाळेंतून आलें तिचे प्रमुख आंध्रांतून तिकडे गेलेले येल्लाप्रगड सुब्बाराव हे होते. आपल्याकडे मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. त्यानंतरच्या काळांत महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यांतलीं माणसें तेथें गेलीं, दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेंत वळकट्या टाकून राहिलीं, आणि दोन पाळ्यांमधले दिवस मोजत बसलीं. एवढा मोठा लोकानुभव ऐंशीपेक्षां अधिक वर्षें साचत आहे. पण त्याची कादंबरी आमच्या पाहण्यांत नाहीं.

मग हा अनुभव आहे तरी कसा? त्याचें शारीर कारण समजण्यास कठीण नाहीं. झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींस मारणें हा या औषधांचा धर्म. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच; परंतु केसांचीं मुळें, तोंडाचें व आंतड्याचें अस्तर, आणि रक्त निर्माण करणारी हाडांतील मज्जा याहि ठिकाणच्या पेशी तशाच असतात. औषधाला आपपर कळत नाहीं. म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर उतरतात, तोंड येतें, आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशी इतक्या घटतात कीं १००.४ अंश ताप आला तरी रात्र न पाहतां रुग्णालय गांठावें लागतें. कांहीं औषधें नसांवर चालतात. आमच्या अंगणांत बारमहा फुलणाऱ्या सदाफुलीपासून काढलेलें व्हिन्क्रिस्टीन हें अशांपैकींच एक. आणि आमच्या पत्नीस शेवटच्या चार पाळ्यांत जें औषध मिळालें तें दुसऱ्या एका झाडापासून मिळालेलें असलें तरी त्याचा गुण तोच. बोटांना मुंग्या येतात, कुडत्याचें बटण लागत नाहीं, आणि हातांतली वाटी पडल्यावर ती पडली असें आवाजावरून कळतें. वांति ही एके काळीं या उपचाराची सर्वांत भयंकर पीडा होती. १९९० नंतर आलेल्या औषधांनीं ती पुष्कळ आवरली गेली. शीण मात्र राहिला. तो सर्वांत अधिक रोग्यांस होतो, आणि त्याला उतार म्हणून देतां येईल अशी एक गोळी नाहीं.

त्याला स्वतःचा आकार आहे हें आम्हांस एका वहीमुळें कळलें. रुग्णालयांतील एका परिचारिकेनें सुचविलें कीं रोज संध्याकाळीं आपला शीण शून्यापासून दहापर्यंतच्या आंकड्यांत मांडून ठेवावा. आमच्या पत्नीनें किराणा हिशेबाची एक वही घेतली आणि आंकड्याशेजारीं एखादें वाक्यहि लिहूं लागली. तिची परवानगी घेऊन एका पाळींतले कांहीं दिवस येथें देतों.

‘पहिला दिवस. ३. झोप नाहीं. उगाच कपाट आवरलें.’ ‘पांचवा. ८. भाकरी मातीसारखी लागली. वरण गिळलें.’ ‘सहावा. ९. दूध उतूं गेलें. दिसत होतें. बघत राहिलें.’ ‘नववा. ७. शेजारच्या काकू येऊन गेल्या. त्यांचें नांव आठवेना.’ ‘तेरावा. ४. अंगण झाडलें, अर्धें.’ ‘विसावा. २. आज भाकरी भाकरीसारखी लागली. उद्यां पुन्हां जायचें.’

टीकाकाराच्या नजरेनें पाहिल्यास या सहा ओळींत एक पूर्ण रचना आहे. पहिल्या दिवसाचें उसनें बळ सलाईनबरोबर दिलेल्या स्टेरॉइडचें असतें. तें ओसरलें कीं चौथ्या-पांचव्या दिवशीं माणूस खालीं बसतो. पुढें हळूहळू चढण लागते. आणि जेव्हां भाकरीला भाकरीची चव येते तेव्हांच पुन्हां जाण्याची वेळ आलेली असते. सिसिफसाची ग्रीक कथा आम्ही वर्गांत अनेकदां सांगितली आहे. परंतु धोंडा वर नेणाऱ्याला मध्यें एक दिवस भाकरी गोड लागते, ही गोष्ट त्या कथेंत नाहीं. सहाव्या दिवसाचें वाक्य तर आम्हांस एखाद्या चांगल्या लघुकथेंतलें वाटतें. दूध उतूं जातांना दिसत असूनहि हात न उठणें, यांत इच्छा आणि शक्ति यांची जी फारकत आहे तीच या शिणाची खरी व्याख्या. आळसांत इच्छा नसते. येथें इच्छा जागी असते आणि देह उत्तर देत नाहीं.

आमच्या साहित्यशास्त्रास ही अवस्था अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत ग्लानि आहे, श्रम आहे, आलस्य आहे, व्याधीहि आहे. आणि ग्लानीचीं कारणें सांगतांना भरतानें वांति, रेच, व्याधि, उपवास, निद्रानाश यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. क्षीण वाणी, खोल गेलेले डोळे, मंद पाऊल हे तिचे अनुभावहि त्यानें दिले आहेत. आमच्या घरांतलें चित्र त्यानें पाहिलें होतें कीं काय असें वाटावें, इतकें तें वर्णन नेमकें आहे. परंतु शास्त्रानें ग्लानीला दिलेलें स्थान पाहा. ती व्यभिचारी आहे; येते, दुसऱ्या एखाद्या स्थायी भावाची चाकरी करते आणि जाते. विरहिणीची ग्लानि शृंगाराला पोसते, तपस्व्याची शांताला. ग्लानीच घरांत मुक्काम करून बसली, तिच्यामागें रति नाहीं, शोक नाहीं, केवळ तीच आहे, असा प्रसंग शास्त्रकारांनीं कल्पिला नाहीं. कर्करोगाच्या उपचारानें तो प्रसंग आणला आहे. जो भाव पाहुणा होता तो पांच-सहा महिने, आणि पुष्कळांच्या बाबतींत औषधें थांबल्यावरहि कित्येक महिने, घरधनी होऊन बसतो. रसव्यवस्थेस आधुनिक जीवनानें घातलेलें हें कोडें आहे, आणि टीकाकारांनीं त्याकडे पाठ फिरवूं नये.

आतां मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळूं. शब्द नसल्यानें केवळ वाङ्मयाचेंच नुकसान होतें काय? शब्द नसले म्हणजे जागा रिकामी राहत नाहीं. तेथें दुसरे शब्द येऊन बसतात. कर्करोगाविषयीं बोलतांना आज आपण सारे एकच भाषा बोलतों : लढा, झुंज, मात, शूर, विजय. वर्तमानपत्रांतील मृत्युवार्ताहि ‘कर्करोगाशीं झुंज अपयशी’ अशा मथळ्यानें येते. म्हणजे मेलेल्या माणसाला वर पराभवहि पदरांत घ्यावा लागतो. आम्हीहि याला अपवाद नव्हतों. नातेवाईकांचे फोन येत तेव्हां आम्ही मोठ्या अभिमानानें सांगत असूं कीं, ती वाघिणीसारखी लढते आहे. पलीकडची खोली ऐकत असते हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

तिसऱ्या पाळीच्या वेळीं डॉक्टरांनीं विचारलें, “कसें काय आहे?” तिनें उत्तर दिलें, “बरें आहे.” परततांना नेवासे फाट्यावर उतरल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिला उठतां येईना. पाऊण तास आम्ही तेथें बसून होतों. आम्ही विचारलें, “अगं, इतकें होत होतें तर डॉक्टरांना सांगितलें कां नाहींस?” ती म्हणाली, “अहो, तुम्हीच सगळ्यांना सांगतां ना, वाघिणीसारखी लढते म्हणून? मग वाघीण थकली हें मी कोणत्या तोंडानें सांगायचें?”

तीस वर्षें अलंकार शिकविणाऱ्या मनुष्याला याहून कठोर परीक्षक मिळाला नसता. उपमेंत उपमेय आणि उपमान यांमध्यें ‘सारखें’ एवढी फट राहते, रूपकांत तीहि बुजते व अभेद होतो, हें आम्ही दरवर्षीं फळ्यावर लिहीत आलों. आम्ही बोललों होतों ती उपमाच होती, पण घरांत वावरतांना तिचें रूपक झालें. फट बुजली; आणि त्या फटींतच थकण्याची जागा होती. दुसऱ्या दिवशीं आम्ही फोन करून सर्व सांगितलें. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन बरेंच उतरलेलें निघालें. त्यावर उपाय झाला आणि शिणाचा एक मोठा भाग हलका झाला. डॉक्टरांनीं तेव्हां जें सांगितलें तें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें असें आहे. हा शीण अपरिहार्य म्हणून सोसून न्यावयाचा नसतो, तो सांगावयाचा असतो. रक्तक्षय, थायरॉइडची मंदता, वेदना, अनिद्रा, मनाची खिन्नता, पोटांत पुरेसें अन्न न जाणें यांपैकीं कांहीं त्याच्यामागें असल्यास त्यावर इलाज आहे. कांहींच न सांपडल्यास विश्रांतीपेक्षां थोडें थोडें नियमित चालणें अधिक गुण देतें, हें अनेक चाचण्यांत दिसून आलेलें आहे. परंतु यांतलें कांहींहि होण्यासाठीं रोग्यानें आधीं एक वाक्य उच्चारावें लागतें : मी थकलें आहें. शूराच्या वेषांत तें वाक्य बोलतां येत नाहीं. एका अलंकारानें आमच्या घरांतले तीन आठवडे खाल्ले, असें आम्ही म्हटलें तर ती अतिशयोक्ति होणार नाहीं.

युद्धाच्या या भाषेवर पाश्चात्त्य वाङ्मयांत टीका झालेली आहे. सुझन सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेनें १९७८ सालीं रोगाच्या रूपकांवर एक लहानसें पण मर्मभेदी पुस्तक लिहिलें व रोगाला रोग म्हणून पाहा, त्यावर रूपकें लादूं नका, असा आग्रह धरला. तिचा तर्क आम्हांस मान्य आहे. तथापि, हें लिहिणारी स्वतः कर्करोगाच्या कठोर उपचारांतून गेलेली असतां त्या पुस्तकांत तिनें आपल्या देहाविषयीं एक अक्षरहि लिहिलें नाहीं. तिनें वाईट शब्द काढून टाकले. रिकाम्या जागेंत स्वतःचे शब्द ठेवले नाहींत. तिच्या पूर्वीं अर्धें शतक, १९२६ सालीं, व्हर्जिनिया वुल्फ यांनीं तक्रार केली होती कीं प्रेमासाठीं भाषेजवळ शब्दांचें भांडार आहे, साध्या डोकेदुखीसाठीं मात्र नाहीं. रशियन कादंबरीकार सोल्झेनित्सिन स्वतः १९५४ सालीं ताश्कंद येथें कर्करोगावर उपचार घेऊन आले होते. १९६८ सालीं बाहेरदेशीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कॅन्सर वॉर्ड’ मध्यें क्ष-किरणांच्या उपचारानें येणारी मळमळ आणि गळून जाणें यांना त्यांनीं कथेच्या अंगणांत बसविलें. आमच्या अपेक्षेच्या सर्वांत जवळ जाणारें उदाहरण तेंच. लेखकानें मनावर घेतल्यास हा विषय कादंबरी पेलूं शकते, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

मग मराठीची सामग्री काय आहे? आमच्या मतें ती थोडी नाहीं. शीण, थकवा, ग्लानि, मरगळ, गळाठा. त्राण नसणें, अवसान गळणें, अंग मोडून येणें, अन्नावरची वासना उडणें : यांतला प्रत्येक शब्द दुसऱ्याहून निराळा आहे, आणि आमच्या पत्नीच्या वहींत ते सारे निरनिराळ्या दिवशीं बिनचूक आले आहेत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायांत जरा आणि व्याधि यांचा जो विस्तार आहे तो पाहिला असतां, देहाच्या पडझडीचें बारकाईनें वर्णन करण्यास मराठी सातशें वर्षांपूर्वींच समर्थ होती हें दिसतें. आणि तें वर्णन करणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. वाचकाला वैराग्य यावें हा तेथें हेतु आहे, आमचा विषय तो नाहीं. पण नजर तीच हवी. आमच्या शेजारच्या राहुरीस आणि नगरास ज्यांचा संसार झाला त्या लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. आजारपण, उपासमार, प्लेग यांविषयीं लिहितांना त्या शूर होत नाहींत व दीनहि होत नाहींत. स्वयंपाकघरांत बोलावें तसें बोलतात. उपचाराच्या दिवसांविषयीं ज्यांना लिहावयाचें असेल त्यांनीं गद्याचा धडा तेथें घ्यावा. डॉ. अरविंद बावडेकर यांच्या पुस्तकाचें ‘कॅन्सर माझा सांगाती’ हें नांव आम्हांस याच कारणासाठीं महत्त्वाचें वाटतें. सांगाती हा शब्द मराठी माणसाच्या कानांत तुकोबांच्या अभंगांतून आलेला आहे. देवाला लावलेला शब्द रोगाला लावण्यांत केवढें धाडस आहे! शत्रूपुढें थकणें हा पराभव ठरतो. सांगात्याबरोबर चालतांना मात्र मध्येंच बसतां येतें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, शिणाचें वाङ्मय वाचणाऱ्यालाहि शिणवील. ज्यांत घटना नाहीं, संघर्ष नाहीं, त्यांत वाचकाचें मन रमावें कसें? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आंकडे आणि तक्रारी यांची लांबण म्हणजे वाङ्मय नव्हे. आमच्या पत्नीच्या वहींतहि कित्येक पानें अशीं आहेत कीं तीं तिच्या स्वतःच्याहि उपयोगाचीं नाहींत. परंतु घटना कशाला म्हणावें हें आधीं ठरविलें पाहिजे. तेराव्या दिवशीं अर्धें अंगण झाडलें, ही त्या घरांतली मोठी घटना होती. आम्ही तें पाहिलें आणि उरलेलें अर्धें झाडण्यासाठीं झाडू हातीं घेतला, तेव्हां तिनें तो आमच्या हातून परत घेऊन कोपऱ्यांत ठेवला आणि म्हणाली, “राहूं द्या. उद्यां माझ्यासाठीं आहे तें.” यांत संघर्ष नाहीं असें कोणत्या टीकाकारास म्हणतां येईल? मोठ्या घटना पाहण्याची संवय लागलेल्या डोळ्यांना ही दिसत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

आमच्या गांवच्या पश्चिमेस ज्ञानेश्वरांचें देऊळ आहे आणि त्यांत तो प्रसिद्ध पैसाचा खांब आहे. १९७० सालीं दुर्गाबाई भागवतांनीं आपल्या निबंधसंग्रहास ‘पैस’ हें नांव दिलें, त्यामुळें तो सर्व मराठी रसिकांस ठाऊक झाला. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी येथें सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. आख्यायिका अशी आहे कीं सच्चिदानंदबाबा मृत झाले होते. त्यांची पत्नी सती जाण्यास निघाली असतां ज्ञानेश्वरांच्या कृपेनें ते उठले, आणि पुढें ग्रंथाचे लेखक झाले. आम्ही ही कथा लहानपणापासून ऐकत आलों. यंदा प्रथमच आमच्या मनांत आलें कीं, उठून बसल्यापासून लेखणी हातांत धरण्याचें बळ येईपर्यंत मध्यें किती दिवस गेले असतील? त्यांना पेज कोणी भरविली? पहिली ओवी लिहितांना बोटें थरथरलीं असतील काय? आख्यायिकेला हे प्रश्न पडत नाहींत. ती मरणावरून एकदम नऊ हजार ओव्यांवर उडी मारते. आमचें सारें वाङ्मय अद्यापि तीच उडी मारीत आहे.

चवथ्या पाळीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानें आम्ही दोघें संध्याकाळीं गर्दी नसतांना त्या देवळापर्यंत चालूं लागलों. पहिल्या दिवशीं अर्ध्या वाटेवरून परत यावें लागलें. आठ पाळ्या संपून आतां सहा महिने झाले आहेत. केस आले, चव आली. बोटें अजून पुरतीं आलेलीं नाहींत, आणि वहींतला आंकडा शून्यावर कधींच उतरलेला नाहीं. बहुधा दोन, कधीं तीन. आतां ती देवळापर्यंत चालत जाते. तेथें गेल्यावर भक्तगण खांबाला हात जोडतात, तीहि जोडते. आणि मग सभामंडपांत भिंतीला पाठ टेकून कांहीं वेळ बसते. ज्या खांबाला मराठी भाषा सातशें वर्षें नमस्कार करीत आली तो काय आहे? कोणीएक बोलणारा बोलतां बोलतां त्याला टेकून बसला होता. टेकलेल्या माणसाला आम्ही थकलेला म्हटलें नाहीं. आणि त्याचें बोलणेंहि टेकल्यामुळें थांबलें नाहीं. एवढी एक गोष्ट आमच्या कथालेखकांनीं आणि फोनवर बोलणाऱ्या आमच्यासारख्या नवऱ्यांनीं ध्यानांत घेतली तर पुष्कळ होईल.